सर्व्हर घेऊन वडवणीला

औरंगाबादहून एस.टी. निघाली तेव्हा माझ्या मांडीवर सुट्या भागांची पेटी होती आणि गाडीच्या पोटात, गोधडीत गुंडाळलेला, मी आखलेला नवा सर्व्हर.

शहागडच्या पुलावरून गोदावरी दिसली. पाणी नव्हतंच, वाळूतून एक बैलगाडी सरळ पलीकडे चालली होती. गेवराईला जेवायला थांबलो. हॉटेलवाल्याने भाकरी, पिठलं आणि मिरचीचा खरडा वाढला, पण तांब्या अर्धाच भरून दिला. "जास्त मागू नगा, ताई. सकाळपासून टँकर आला न्हाई."

माझं काम टँकरचंच होतं. वडवणीच्या दूध सोसायटीने दुष्काळात सभासदांच्या जनावरांसाठी चारा छावण्या उघडल्या होत्या. कुठल्या छावणीला किती पाणी, कुठला टँकर कधी, हे सगळं सोसायटीच्या सर्व्हरवरून ठरे. मागच्या उन्हाळ्यात तो धुळीने गुदमरून बंद पडला. उघडायला लागणारा पाना फक्त आमच्या कारखान्यात होता, माणूस पोचायला चार दिवस लागले. तोवर दोन टँकर एकाच छावणीवर गेले आणि डोंगराकडच्या छावणीतली जनावरं दीड दिवस कोरड्या हौदाशी उभी राहिली. तो सर्व्हरही मीच आखला होता.

वडवणीला उतरले तेव्हा सोसायटीचे चेअरमन अण्णा स्वतः स्टँडवर आले होते. गोधडीकडे बघून म्हणाले, "ह्ये बी बिगडंलच की."

"बिघडेल," मी म्हणाले. "पण दुरुस्तीला माझी वाट पाहावी लागणार नाही."

यंत्र सांभाळणाऱ्या संगीताबाई साळवे पूर्वी ऊसतोडीला जात. सोसायटीत लागल्यावर संगणक शिकल्या. मी त्यांच्याकडून प्रत्येक भाग काढून परत बसवून घेतला. एकही स्क्रू नव्हता. धुळीची जाळी हाताने निघे, वीज देणारे डबे दोन, एक गेला तर दुसरा भार उचलणार, आणि बिघडलेल्या भागाशेजारी लाल दिवा लागणार. एका डब्याला जागी घट्ट धरणाऱ्या खटक्याशी मात्र त्या बराच वेळ झटल्या. "लई घट्ट हाय," एवढंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जीपने त्याच डोंगराकडच्या छावणीवर निघाले. वाटेत फोन वाजला. "मॅडम, लाईट एकदम वाढली. जळाल्याचा वास येतोय, लाल दिवा..." आणि रेंज गेली.

आम्ही जीप वळवली. दोन मैलांवर टायर फुटला. स्टेपनीत हवा नव्हती. ड्रायव्हर चाक पायाने दाबून बघत राहिला आणि मी उन्हात उभी. दोन्ही डबे गेले असतील, मला वाटत होतं. पुन्हा तीच जनावरं, तोच हौद.

मग समोरून धूळ उठली. टँकर होता, काठोकाठ भरलेला, वरून पाणी हिंदकळत होतं. मी हात केला.

"कुठं निघालात?"

"डोंगराच्या छावणीला. संगीताबाईनं खेप दिली की आत्ता." चालकाने माझ्याकडे नीट पाहिलं. "कावून रडताय, ताई?"

टँकरच्या हवेच्या पंपाने आमच्या स्टेपनीत हवा भरली. सोसायटीत पोचले तेव्हा संगीताबाई चहा पीत होत्या. टेबलावर काळा पडलेला डबा पालथा होता.

"यंत्र किती वेळ बंद होतं?"

"बंद कुठं पडलं? चालू असतानाच ह्यो काढला, तुमच्या पेटीतला नवा सारला. पाच मिन्टं बी न्हाई लागली." मग हसून त्यांनी चेपलेला चमचा दाखवला. "पण खटका ह्याच्यानं उचकला. आमच्या हातानं निगंना."

अण्णा दारात उभे होते. संध्याकाळी छावण्यांवरून आलेल्या लोकांना त्यांनी एकेक करून आत बोलावलं आणि काळा डबा दाखवत तीच हकीकत सांगितली. चौथ्यांदा सांगताना त्यात आगीचे लोळही आले होते. संगीताबाईंनी हसू आवरलं नाही.

परतीच्या गाडीत मी खूश होते, अगदी उघडपणे. बावीस वर्षं यंत्रं आखली. पण आपण तिथे नसताना आपलं यंत्र कोणी आपल्याहून बरं सांभाळलेलं पाहायला मिळालं ते वडवणीत.

सकाळी कारखान्यात पोचल्याबरोबर मी खटक्याचं रेखाचित्र काढलं आणि तो सैल केला. खाली एक चौकट असते, 'बदल सुचवणारा'. तिथे लिहिलं: संगीता साळवे, वडवणी.