जाळीवर उभं राहायला शिकताना

मी आरोग्य सेविका. घर महाडला, उपकेंद्र पोलादपूर तालुक्यात. माझ्याकडच्या दोन वाड्या डोंगरावर आहेत. कापडे गावाच्या पुढे एसटीतून उतरायचं आणि लसींचा डबा खांद्याला लावून तासभर चढायचं. वर्षानुवर्षं केलं. पन्नाशी आली आणि उजवा गुडघा कुरकुरायला लागला. चढ जमायचा, उतारावर मात्र दर पावलाला कळ. एकदा डब्यासकट बसकण मारली.

डॉक्टर म्हणाले, "मांड्यांत जोर राहिलेला नाही. वजन उतरवा, नाहीतर डोंगर सोडा."

बदलीचा अर्ज लिहून ठेवला, पण पाठवला नाही. वाडीतल्या बायका नव्या माणसाला दुखणं सांगत नाहीत. माझ्याशी बोलायला लागायलाच त्यांना दोन वर्षं लागली होती.

गुडघ्याचं ऐकून ठाण्याच्या भाचीने तिचा वापरात नसलेला छोटा ट्रॅम्पोलिन पाठवून दिला. गोल, बुटका, सहा पायांचा, मधे ताणलेली जाळी. पहिल्याच दिवशी ड्युटीवरून आले तर सासूबाईंनी त्यावर सांडगे वाळत घातलेले.

"आई, हे व्यायामाचं आहे."

"असंल गो. पण वारा खालनं पण लागतो. अशी खाट मी बघितली नाय."

सांडगे वाळेपर्यंत थांबले.

भाचीने सोबत पाठवलेल्या व्हिडिओतली मुलगी उंच उड्या मारत होती, म्हणून मीही मारल्या. पाचव्या दिवशी गुडघा सुजला. डॉक्टर वैतागले. "उडायला कुणी सांगितलं? पाय जाळीवरून सुटता कामा नये. नुसतं हलकं खाली-वर." आठवडाभर बसून काढला. सूज उतरल्यावर पुन्हा उभी राहिले, तर भीतीने दोन्ही पाय ताठ.

सासूबाई दारात बसून बघत होत्या. त्यांचं माहेर माझ्याकडच्या दोनपैकी वरच्याच वाडीतलं. लग्नाआधी डोक्यावर गवताचा भारा घेऊन तोच डोंगर उतरायच्या.

"खांब रोवलास काय तिथं? गुडघा ढिला ठेव. ताठ गुडघ्यानं उतरलं तर भारा पण जातो नि माणूस पण."

"इथे कुठे भारा आहे?"

"तू हायस की!"

उठून आल्या आणि माझा हात धरला. "थोडी वाक. आता टाच उचल. जाळीवरनं पायाचं बोट सुटलं तर मी हात सोडीन, सांगून ठेवते."

त्यांनी सांगितलं तसं केलं आणि जाळीने पहिल्यांदा मला अलगद वर ढकललं. कळ आली नाही.

तेव्हापासून रोज सकाळी चहाआधी त्या हात धरून उभ्या. सुरुवातीला दोन मिनिटं, मग पाच, मग पंधरा. मी कंटाळा करायचे, सबबी सांगायचे. त्यांनी एक दिवस चुकवला नाही. चहासुद्धा आधी मिळायचा नाही. त्यांचे आभार मी कधी तोंडाने मानले नाहीत, मानले असते तर त्यांनी वेड्यात काढलं असतं. म्हणून इथे लिहिते. डॉक्टरांनी काय करू नये ते सांगितलं. कसं करायचं ते मला सासूबाईंनी शिकवलं.

तीन महिन्यांनी वरच्या वाडीत लसीकरण होतं. चढले, काम आटोपलं, डबा खांद्याला लावला. पहिल्या उतारावर पाय आपोआप ताठ झाले. थांबले, गुडघे सैल सोडले, थोडी वाकले आणि लहान पावलं टाकत निघाले. शेवटच्या टप्प्यात थोडं दुखलं, पण बसावं लागलं नाही. एसटीही मिळाली.

घरी येऊन बदलीचा अर्ज फाडला आणि सासूबाईंना सांगितलं, "आई, वरची वाडी आता माझ्याकडेच राहणार."

त्यांनी गुडघ्याचं विचारलं नाही. "माझ्या भावजयीच्या नातीला सुई दिलीस काय?" एवढंच म्हणाल्या.

दिली होती.