खिडकीपाशी रुमाल

आमच्या थोरल्या साडूंइतका उतावळा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा नसेल. लग्नात अक्षता पडायच्या आधी ते पंगतीत जाऊन बसत, आणि एकदा तर नवरदेव घोड्यावरून उतरायच्या आत हे जेवून परतीला लागलेले. शिरूर कासारच्या स्टँडवर बस अजून वळत असे, तोवर त्यांचा पिवळा रुमाल खिडकीतून आत पडलेला असे, तोही दोघांची जागा धरून. खिडकी कायम अक्काची, म्हणजे त्यांच्या बायकोची.

गेल्या वर्षी अक्का गेली आणि या माणसाला बसमध्ये पाय ठेवताच दरदरून घाम सुटू लागला, छाती धडधडू लागली. डॉक्टरांनी हृदय ठणठणीत असल्याचे सांगून बीडमधल्या एका समुपदेशक बाईंकडे पाठवले. बस नकोच, म्हणून दर गुरुवारी मी त्यांना मोटारसायकलवर न्यायचो. पहिल्याच दिवशी चपला काढता काढता साडूंनी विचारले, "म्याडम, किती टाइम लागंल?" बाई म्हणाल्या, काहींना दोन-तीन महिने पुरतात, काहींना वर्षही लागते, फरक किती पडला ते अधूनमधून दोघे मिळून बघू. साडू खट्टू झाले. बाहेर येऊन मला म्हणाले, "हे काळ्या-पिवळ्या जीपवानी हाय. भरल्याबिगर सुटत न्हाई."

तरी निघताना पुढच्या गुरुवारची जागा जाऊ नये म्हणून ते खुर्चीवर रुमाल टाकूनच आले. बाईंनी तो घडी करून जपला. दुसऱ्या खेपेला साडूंनी बालपणापासूनची कहाणी एका दमात संपवली आणि रडायचे असेल तर तेही आजच उरकू म्हणाले. मग लवकर सुटका व्हावी म्हणून निम्मे बोलणे माझ्याकडून करवून घ्यायचा बेत केला, तो बाईंनी हसून मोडला. पुढे कितीतरी गुरुवार गेले. हळूहळू ते आत जास्त वेळ बसू लागले, बाहेर कमी बोलू लागले, आणि किती टाइम लागेल हे विचारायचे विसरले.

एके दिवशी ते रुमाल हातात घेऊनच बाहेर आले आणि म्हणाले, "आज येष्टीनं जाऊ."

मोटारसायकल बीडलाच राहिली. ती आणायला दुसऱ्या दिवशी मला पुन्हा बसने यावे लागले, ते असो. बस फलाटाला लागायच्या आत रुमाल आत गेला. साडूंच्या कपाळावर घाम होता, पण ते चढले.

"खिडकीला तुमी बसा, पावणं."

मी बसलो. मला अक्काची फार आठवण आली. साडू माझ्या खांद्यावरून बाहेर बघत राहिले, आणि शिरूर कधी येणार, हे त्यांनी कंडक्टरला एकदाही विचारले नाही.