पिवळ्या तांदळाचा फोटो

जिवलीला लिहितावाचता येत नाही, पण बेटेगावपासून पालघरपर्यंत तिच्याइतके फोटो पाठवणारी दुसरी बाई मला शोधून दाखवा. माझा डब्यांचा धंदा आहे. बोईसरच्या कारखान्यांत रोज दीडशे डबे जातात आणि त्यातला भात नि भाकरी जिवलीच्या हातची. मासवणच्या बाजूला तिचा पाडा. सकाळच्या पहिल्या एसटीने येते ती कमरेला फोन खोचूनच. आधणाला उकळी आली की फोटो. भाकरी फुगली की फोटो. एकदा मी रागाने फुगले तर माझाही फोटो, वर बकरीची शिंगं लावून. तो तिने आपणहून मला दाखवला. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही आणि तिसऱ्या दिवशी तो माझ्या फोनवर मागून घेतला.

हे फोटो जातात तिच्या अकरा मैत्रिणींना. सगळ्या एकाच पाड्यावरच्या वारली बाया, पावसाळ्यात आपापली भातशेती करणाऱ्या आणि दिवाळी झाली की कामाला पांगणाऱ्या. सुलू वाणगावला मिरचीच्या वाडीत, जमना भिवंडीकडे वीटभट्टीवर. वाचता एकीलाही येत नाही. बोलून निरोप पाठवावा, तर फोनचा आवाज ऐकला की भट्टीवरचा मुकादम खेकसतो. म्हणून यांचा नियमच ठरला, की नुसती चित्रं पाठवायची. वाकडी मिरची सापडली की सुलू तिला डोळे-मिशा काढून पाठवते, आणि ती कोणाच्या नवऱ्यासारखी दिसते ते अकराही जणींना पटकन कळतं. सगळ्यांत मोठा मान मात्र फजितीच्या फोटोला. जिची फजिती मोठी, तिच्यावर दिवसभर हसऱ्या बाहुल्यांचा पाऊस.

एवढी हसरी बाई, पण तिच्या मनात एक सल होता. तिचं लग्न राहिलं होतं. झिपरूबरोबर बावीस वर्षांचा संसार, तेजल नावाची वीस वर्षांची मुलगी, आणि लग्न नाही. त्यांच्याकडे यात वावगं काही नाही. आधी संसार मांडायचा, लग्न जमेल तेव्हा, कारण लग्न म्हणजे अख्ख्या पाड्याला जेवण. झिपरू दर साली म्हणायचा, "पुढच्या साली करू." असल्या माणसाच्या पाठीत रट्टा घालावा असं मला वाटायचं, पण माझ्या घरात गच्चीवरच्या टाकीचं झाकण चार वर्षं 'उद्या' बसतंय, तेव्हा मी कोणत्या तोंडाने बोलणार?

यंदा तेजलचं लग्न ठरलं, वैशाखातलं, आणि तो सल ठसठसायला लागला. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. तो मान सवाशिणींचा, ज्यांचं लग्न रीतसर लागलंय त्यांचा. जिवलीचा हात असा, की पिठात बोट बुडवून ओट्यावर सहज एक झाड काढते आणि ते पुसताना माझ्या जिवावर येतं. पण पाड्यावरच्या लग्नांत ती आजवर फक्त पीठ कालवून द्यायची. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरीच्या चौकाला पन मी पीठच कालवू काय, ताई?" मी उगाच तिला गॅस बारीक करायला सांगितला.

मग तो बुधवार आला. तांदूळ धुऊन परातीत निथळत ठेवले होते. फळीवरून हळदीचा डबा घसरला तो थेट परातीत उपडा. मी जी ओरडले ती शेजारच्या गॅरेजवाल्यालाही ऐकू गेली असेल. जिवली आधी घाबरली, मग परातीकडे बघून तिला हसू फुटलं, आणि झालं, फोटो! तिला वाटलं, आजचा फजितीतला पहिला नंबर आपला. त्या तांदळाची मी खिचडी करून टाकली. दुपारी कामगारांचा फोन, "हेमांगीभाभी, आज बिर्याणी है क्या?" मी सरळ हो म्हटलं.

तेवढ्यात जिवलीचा फोन वाजायला लागला तो थांबेचना. ढोल आले, नाचणाऱ्या बाया आल्या, कोणी तारपा वाजवणाऱ्याचा फोटो टाकला. "बगा ताई, कशा चिडवतात मना!" म्हणत तिने सगळ्यांना उभ्या अंगठ्याचं चित्र पाठवलं. संध्याकाळी सुलूने कॅलेंडरचा फोटो पाठवला, त्यावर टेकवलेलं बोट. जिवली म्हणाली, "घरी कवा असशील, विचारते." तिची सुट्टी रविवारची. भिंतीवरचं कॅलेंडर मीच काढून दिलं, तिने रविवारवर बोट ठेवून फोटो काढला आणि पाठवला.

रविवारी सकाळी नऊला तिचा फोन आला. ती रडत होती की हसत होती, आधी कळेना. "ताई, घोळ झाला. अकराच्या अकरा आल्यात. सुलूनं कोंबडा आनलाय, जमना भट्टीवर खाडा करून आली. बोलतात, तू नवरी, नि अंगाला हळद कुठं हाय?"

आणि मग तिने सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या पाड्यावर लग्नाच्या पत्रिका नसतात. हळद लावलेले तांदूळ घरोघर देतात. तांदूळ हातात पडले की आमंत्रण पोचलं, आणि कॅलेंडरवरच्या बोटाने सुलूने लग्नाचा दिवस विचारला होता.

"अगं, मग तुला कसं सुचलं नाही?"

"तुमी एवढ्या वरडल्यात, माजं डोकंच चाललं नाय!"

म्हणजे यातही माझा वाटा होताच. मी स्कूटीवर दहा किलो तांदूळ टाकले आणि पाडा गाठला. अंगणात बाया ढोलाच्या तालावर फेर धरून नाचत होत्या. जिवली दारात ओशाळून उभी होती आणि झिपरू मोहाच्या झाडाखाली खाली मान घालून बसला होता. मी काही बोलणार, तेवढ्यात तोच उठला.

"तांदूळ पोचले, मानसं आली," तो म्हणाला. "आता लावून टाकू."

मला वाटलं, सुटलो सगळे. पण जिवली पुढे आली. एवढं करारी बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"चार मानसांच्या लाजंनं करतोस तर नको मना. चुकून गेला फोटो, तसं सांगते यांना. बावीस वर्सं तशीच राहिली, आनखी राहीन."

ढोल थांबला. झिपरू पायाने माती उकरू लागला.

"लाज नाय," तो म्हणाला. "भ्याव वाटायचं. माज्यासारक्यानं बोलावलं नि कोनी आलंच नाय तर? जेवन मांडून बसायचं नि दारात कुत्रं पन नाय..." त्याने अंगणातल्या बायांकडे पाहिलं. "या तर नुसता फोटो बघून आल्यात."

इतकी वर्षं सगळ्यांनी त्या माणसाला आळशी ठरवलं होतं, त्यात मीही होते. मला माझी लाज वाटली.

लग्न लावणारी धवलेरी आली, तिने मंगळवार सांगितला आणि मंगळवारी लग्न लागलं. चौक सुलू आणि जमनाने काढला. नवरी हळदीच्या अंगाने कोपऱ्यात बसून चौकातल्या घोड्याचा पाय कुठे चुकला ते सांगत होती, शेवटी सगळ्यांनी मिळून तिला गप्प केलं. माझे दीडशे डबे दोन दिवस बंद होते आणि कामगारांच्या शिव्या मी हसत खाल्ल्या.

वैशाखात तेजलचं लग्न झालं. भिंत सारवून तयार होती. पीठ तेजलच्या चुलतीने कालवलं. जिवलीने बांबूची काडी बुडवली आणि मग दुपार टळेपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही. चौक पुरा झाला तेव्हा तिचे डोळे भरले होते, माझेही. या वेळी सुलूला वाडीतून सुट्टी मिळाली नव्हती, ती वाणगावला अडकून पडली होती. मी जिवलीचा फोन उचलला आणि भिंतीसमोर धरला.

जिवलीने माझा हात खाली केला.

"याचा फोटो नाय पाठवाचा, ताई. सांगा सुलूला, मी काढलाय. बगाचा असंल तर ये म्हनावं."