राजवाड्याची मागची भिंत

ताई फोनवर स्पष्टच बोलली होती. आधी तुझं शहर बघते, मग तुझ्याकडे राहायचं की नाही ते ठरवते. भावोजी गेल्यापासून ती तिकडे एकटी. इकडे बायको गेल्यापासून बापूही एकटाच. म्हातारपणी बहीणभावानं एका छपराखाली राहावं, यात वाईट काय? पण ताईला समजावणार कोण? लहानपणापासून तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

बापूला वाटलं, एवढंच ना? हा तर आपल्या डाव्या हाताचा मळ. अहो, उभी हयात त्यानं पर्यटकांची बस चालवली होती. माइकवरच्या गाइडची टकळी त्याला तोंडपाठ. दर रविवारी फोनवर तो ताईला तीच ऐकवायचा: राजवाड्यातली झुंबरं, संग्रहालयातलं सिंहासन, मनोऱ्यावरून दिसणारं शहर. तिकडे ताईला वाटायचं, आपला भाऊ रोज झुंबरांखालून हिंडतोय.

ताई आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली. बापू ऐटीत बसमधून उतरला, दोन गल्ल्या झपाझप चालला आणि एका उंच भिंतीसमोर थांबून म्हणाला, हा राजवाडा. ताईनं भिंत बघितली. भिंतीला लावलेले कचऱ्याचे डबे बघितले. कुलूप घातलेलं फाटक बघितलं. मग तिनं विचारलं, आत कुठून जायचं?

आता आली का पंचाईत! बापूची बस कायम याच भिंतीशी लागायची. गाइड छत्री उंच धरून माणसांना पुढच्या कोपऱ्यावरून वळवून न्यायचा, एवढंच त्यानं पाहिलेलं. कोपऱ्यापलीकडे काय, देव जाणे. तरी तो छाती काढून वळला, तर पुढे तीन रस्ते. एक धरला, तो फिरून परत डब्यांपाशीच आला. दुसरा धरला, तोही तसलाच. कोपऱ्यावरचा चांभार गालात हसायला लागला. शेवटी एका पोलिसाला विचारून दार सापडलं, तर राजवाड्याला आज सुट्टी. ताईनं दारावरची पाटी दोनदा वाचली आणि चालायला लागली.

संग्रहालयाशी पुन्हा तेच. बापूचे पाय आपोआप मागच्या उतारावर गेले, जिथं रिकाम्या बस उभ्या असतात. तो इतका गोंधळला की त्यानं थेट गाइडचंच सुरू केलं, तुमच्या डाव्या हाताला शहरातलं सगळ्यात जुनं कारंजं. डाव्या हाताला सार्वजनिक संडास होता. ताईनं नाकाला रुमाल लावला. बापू खुळ्यासारखा बघत राहिला. गाइड इतकी वर्षं थापा मारत होता, की कुणी कारंजंच उचलून नेलं? चालत्या बसमधली ही डावी बाजू नेमकी कुठल्या रस्त्यावरची, ते काही केल्या त्याला आठवेना. आपण या शहराचेच ना, अशी त्याला शंका यायला लागली.

ताई कठड्यावर बसली. पाय चेपत म्हणाली, "खरं सांग. यातलं तू आतून काय काय बघितलंयस?"

बापूनं मान खाली घातली. गाडी सोडून जायची परवानगी नव्हती, म्हणाला. माणसं आत गेली की तो काचा पुसायचा, सीटखालचा कचरा काढायचा, मग स्टिअरिंगवर डोकं टेकून डुलकी घ्यायचा. आणि सुट्टीच्या दिवशी, ताईनं विचारलं. सुट्टीच्या दिवशी त्याला घरातून हलावंसं वाटायचं नाही. बायको मागे लागायची, एकदा तरी राजवाडा दाखवा. तो म्हणायचा, तो कुठं पळून चाललाय? राजवाडा नाहीच पळाला. बायको मात्र गेली. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

ताईनं त्याला रडू दिलं. मग उठली.

मनोरा तरी कुठूनही दिसतो. दोघं माना वर करून चालत राहिली आणि धक्के खात का होईना, दारात पोचली. ताईनं दोन तिकिटं काढली. लिफ्टपाशी बापू सवयीनं बाजूला झाला.

"तू जाऊन ये सावकाश," तो म्हणाला. "मी थांबतो इथंच."

"कशाजवळ थांबतोस?" ताई म्हणाली. "गाडी कुठंय तुझी?"

बापूनं खरोखरच मागं वळून बघितलं. रस्त्यावर अनोळखी माणसं चालली होती. आता इथं उभं राहायचं तर कशासाठी, ते त्याला सुचेना. हात कुठं ठेवावेत तेही कळेना. ताईनं त्याचं मनगट धरलं, शाळेत पोचवायला नेताना धरायची तसं घट्ट, आणि त्याला लिफ्टमध्ये ओढलं.

वर वारा होता. खाली नुसती छपरंच छपरं. बापू कठड्यापासून लांबच उभा होता.

"राहते मी तुझ्याकडे," ताई म्हणाली.

बापूला काही समजेना. सकाळपासून तिला त्यानं भिंत आणि संडास याशिवाय दाखवलं काय होतं? घाबरत त्यानं विचारलं, "आवडलं तुला शहर?"

"शहर कुठं पाहिलंय अजून? पण तुला एकट्याला सोडून गेले, तर तू परत जाऊन बाहेर उभा राहशील."