चटई ओलांडलेली चंद्राआक्का

चंद्राआक्का गेली ते मला सकाळी शेळ्या सोडताना कळलं. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत आहे. तिच्या बाजूनं उजाडताना खोकल्याचा आवाज यायचा, तो त्या दिवशी आला नाही. मग तिची लेक शोभा माझ्या ओसरीपाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, आई गेली." मी सोडलेल्या शेळ्या परत बांधल्या आणि तिच्या मागोमाग गेले. रडले नाही. आक्काचं वय झालं होतं, चार महिने ती अंथरुणावर होती आणि तिला स्वतःलाच त्याचा कंटाळा आला होता. "अजून किती दिस पडून ऱ्हाऊ गं कौसा?" असं मलाच विचारायची. मी म्हणायचे, "मला काय माहीत, फुडचं दिसायला मी काय तुझा बापू हाय का?" त्यावर ती हसायची आणि हसता हसता खोकायची.

आक्का माझी मोठी जाऊ. मी चौथी शिकले, ती दुसरी. पण बोलण्यात तिच्यापुढं कुणाचं काही चालायचं नाही. बाळापूरच्या बाजारात एकदा तिनं पातळाच्या दुकानदाराला दुकानाबाहेर काढलं, पातळाचं एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि म्हणाली, "आता उन्हात बघ, किती भोकं हायत ते." दहा माणसं जमली होती. दुकानदार हात जोडून म्हणाला, "मावशी, दुसरं न्या, पण आत चला." अशी बाई. मी नवी लगीन होऊन आले तेव्हा सासूला मी घाबरायचे आणि सासू आक्काला घाबरायची.

तीच आक्का आमचे मोठे दीर वारल्यावर बापूंच्या मंडळात जायला लागली. गावाबाहेर पत्र्याचं एक शेड आहे, तिथं दर गुरुवारी भजन व्हायचं. पंचवीसएक घरं होती मंडळात. बापू तरुणपणी हिंगोलीला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, नंतर ते सोडून इथं येऊन राहिले. माणूस वाईट नव्हता, हे मी स्पष्ट सांगते. दोन धोतरं, एक कांबळं आणि गोड गळा, एवढंच त्यांच्याजवळ होतं. पण भोवतीच्या माणसांनी हळूहळू त्यांचा देव केला. बापूंच्या पुढं चार हात अंतरावर एक चटई टाकलेली असायची. तिच्या पुढं कुणी जायचं नाही, तेज सोसत नाही म्हणे. काही करायचं असलं, मुलीचं लग्न असो, विहीर असो, दवाखाना असो, चटईच्या अलीकडं बसून हात जोडून हळू आवाजात विचारायचं. बापू डोळे मिटून एक शब्द बोलायचे. हो, नाही तर नको. त्यावर परत बोलायचं नाही. आक्कानं मला एकदा नेलं होतं. कुणाला तरी बोअर घ्यायला बापू नको म्हणाले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काहून?" सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडं असं बघितलं, जणू मी देवापुढं थुंकले. मंडळाचा कारभार सोपान बघायचा. तो म्हणाला, "काकू, तुमी बाहेर बसा." मी घरीच आले. परत गेले नाही.

शोभाला हट्टा गावचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता, शोभाला आवडला होता, तिनं ते मला सांगितलंही होतं. आक्कानं गुरुवारी विचारलं. बापू म्हणाले, नको. झालं. शोभा दोन दिवस जेवली नाही. आक्का म्हणाली, "बापूला फुडचं दिसतं." मग मंडळातल्याच एका घरात, साखरा गावाला, तिला दिली. तिथं मारहाण नव्हती, दारू नव्हती. पण नवरा असा की बाजारातून मीठ आणायचं तरी बापूंना विचारायला निघायचा, आणि घरात बायकोशी चार शब्द बोलायचा नाही. शोभा वर्षातून एकदा माहेरी यायची आणि आईशी कामापुरतं बोलायची. माझ्याशी मात्र भिंतीवरून तास तास बोलायची. आक्का ते आतून ऐकत बसलेली असायची... मला कळायचं.

पुढं आक्काच्या मुलाची मुलगी मनीषा बारावी झाली आणि नांदेडला नर्सिंगला तिचा नंबर लागला. आक्कानं विचारलं. बापू म्हणाले, नको. त्या दिवशी आमचं मोठं भांडण झालं. मी म्हणाले, "पातळ उन्हात धरून बघणारी बाई तू, आणि पोरीचं आयुष्य डोळे मिटून फेकून देऊन राहिली?" तिनं दार लावून घेतलं.

त्यानंतर आठवड्यानं परातीची गोष्ट घडली. गुरुवारी बापूंची भाकरी आक्का करायची. बापू जेवत होते, त्यांच्या पाठीमागच्या फळीवरून पितळी परात खाली पडली. पत्र्याच्या शेडात तो आवाज केवढा! बायका दचकल्या, कुत्रं पळालं. बापूंनी मान वळवली नाही. लगेच सोपान म्हणाला, "बघा, समाधी." सगळ्यांनी हात जोडले. आक्कानंही जोडले. पण घरी येऊन ती भिंतीपाशी आली आणि कितीतरी दिवसांनी मला हाक मारली. म्हणाली, "कौसा, समाधीत माणूस कांदा मागतो का गं?"

दुसऱ्या दिवशी ती एकटीच शेडात गेली. बापूंच्या पाठीमागं उभी राहून म्हणाली, "बापू, घर पेटलं." बापू कांबळं झटकत होते, झटकतच राहिले. मग ती चटई ओलांडून पुढं गेली, त्यांच्याजवळ बसली आणि मोठ्यानं विचारलं, "तुमाला ऐकू येत न्हाई का?" बापूंनी आधी दाराकडं बघितलं. मग म्हणाले, "डाव्या कानानं थोडं येतं. जिनिंगच्या मशिनीनं गेले कान. आता लई झालं."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं की. सोपानला सांगितलं, अजून दोघांना सांगितलं. ते हसले. म्हणले, बापू आमची परीक्षा घेऊन राहिले."

"आन् हे नको, नको?"

"ऐकू न्हाई आलं की नको म्हणतो. नको म्हटलं की माणूस हाय तिथंच ऱ्हातो. कुणाचं वाटोळं तर होत न्हाई."

आक्का म्हणाली, "माज्या शोभीचं झालं."

बापूंनी कांबळं खाली ठेवलं, असं तिनं मला सांगितलं. मग तिनं त्यांच्या डाव्या कानात मनीषाचं विचारलं. ते म्हणाले, "जाऊ दे की पोरीला. मला काय इचारती?"

आक्काला वाटलं, आता हे सगळ्यांना सांगितलं की झालं. पुढच्या गुरुवारी ती भरल्या शेडात उठून म्हणाली, "बापूला ऐकू येत न्हाई. जवळ जाऊन इचारा." मग एक बाई म्हणाली, "आक्का, तुज्यात काहीतरी शिरलंय." बापू आपले सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होते. सोपान चटईच्या अलीकडं बसला, हात जोडले आणि नेहमीच्या हळू आवाजात विचारलं, "बापू, हिला मंडळात ठेवायचं का?"

बापू म्हणाले, "नको."

असं आक्काला मंडळातून काढलं. हे सांगताना ती भिंतीला टेकून इतकी हसली की मला वाटलं हिचं डोकं फिरलं. "मुडद्यानं काढायचं का असं इचारलं असतं, तर मी ऱ्हायले असते गं!" हसून झाल्यावर मात्र पदर तोंडाला लावून बसली. वीस वर्षं ज्यांच्याबरोबर भाकऱ्या थापल्या त्या बायका दुसऱ्या दिवसापासून तिला बघून रस्ता बदलायला लागल्या. मनीषा नांदेडला गेली. आता ती तिथं दवाखान्यात काम करते.

एक काम मात्र राहिलं होतं. आक्का मला म्हणाली, "साखऱ्याला चल माज्यासंगं. एकटीनं जायचं भ्या वाटतं." आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या तोंडून भ्या हा शब्द ऐकला. शोभा घरी एकटीच होती. तिनं चहा ठेवला. आक्कानं चहाची वाट बघितली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "शोभे, तवा बापूला ऐकू आलं नव्हतं. हट्ट्याचं नाव बी त्यानं ऐकलं नव्हतं." शोभा पातेल्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता आक्का सगळं त्या म्हाताऱ्यावर आणि सोपानवर ढकलणार. मी तेच केलं असतं. पण ती म्हणाली, "त्याला ऐकू येत नव्हतं. मला तर येत होतं. तू दोन दिस आतल्या खोलीत रडली, ते मी ऐकलं."

शोभानं चहा गाळला, आम्हाला दिला. आईला माफ केलं असं काही बोलली नाही, आणि आक्कानंही माफी मागितली नाही. पण त्या दिवाळीला शोभा चार दिवस राहिली. पुढच्या वर्षी आठ दिवस. आणि आक्का अंथरुणाला खिळली तेव्हा नवऱ्याला न विचारता पिशवी घेऊन आली ती शेवटपर्यंत राहिली.

साखऱ्याहून आल्यावर आक्काला एक खोडच लागली. ती सगळ्यांना सगळं विचारायची. सुनेला, नातवंडांना, मला. "शेपूची भाजी करू का? तुला काय वाटतं?" "मोतीबिंदूचं आपरेशन करावं का? तुला काय वाटतं?" उत्तर दिलं की पुन्हा, "काहून?" आम्ही वैतागायचो. मी एकदा म्हणाले, "कर ना बाई तुझ्या मनानं." ती म्हणाली, "वीस वरसं घरात कुणाला इचारलं न्हाई. आता भरून काढू दे."

तिच्या मातीला मंडळातल्या पंचवीस घरांतून एकही माणूस आलं नाही. बापूंना कुणी कळवलं असेल असं मला वाटेना. आठ दिवसांनी मीच शेडात गेले. चटई तिथंच होती, मी चपलेसकट तिच्यावरून गेले. बापू फार थकलेत. डाव्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "चंद्राआक्का गेली."

"कवा?"

"आठ दिस झाले."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

मी म्हणाले, "सांगितलं असल." ते थोडं हसले, आणि मग त्यांचे डोळे भरले. मी तशीच उठून आले. मला असलं जमत नाही.

परवा मी आणि शोभानं आक्काची खोली आवरली. लुगडी वाटली, औषधं फेकली. राहिली खाट. शोभा म्हणाली, "काकू, खाट ठिवू का कुणाला देऊन टाकू? तुला काय वाटतं?"

मी म्हणाले, "देऊन टाक. जागा अडती."

"काहून? मला तर वाटतं ऱ्हाऊ द्यावी."

थोडं भांडलो. खाट तिथंच आहे. दुपारी शेळ्या बांधल्या की मीच जाऊन तिच्यावर पडते.