‘नाही’ म्हणजे काय नाही?

प्रा. यशवंत बोरोले यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. या गौरवग्रंथातही मी तेच म्हणणार आहे. संपादकांनी रागावू नये. नानांची पहिली भेट झाली ती धुळ्याला, संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांसाठी त्यांनी घेतलेल्या संख्याशास्त्राच्या वर्गात. मी जळगावला गृहविज्ञान शिकवत होते आणि आकड्यांना मनापासून घाबरत होते. नानांनी हजेरी घेतली. कोणी ‘हजर’ म्हटले की ते मान डोलावून पुढे जात. कोणी आलेले नसले की मात्र थांबून शेजाऱ्याला विचारत, ‘‘का नाही आले?’’ कोणाची म्हैस व्यायली होती, कोणाची एस.टी. चुकली होती. समोर बसलेल्यांना सोडून हे गृहस्थ न आलेल्यांचीच चौकशी का करतात, याचे मला हसू आले होते.

त्याचा उलगडा पुढे माझ्या प्रबंधाच्या वेळी झाला. एरंडोल तालुक्यातल्या एका गावी आम्ही बायकांचे रक्त तपासले. अहवाल आरोग्य खात्याकडे जायचा होता आणि गावाला लोहाच्या गोळ्या द्यायच्या की नाही, हे त्यावर ठरायचे होते. शाळेच्या ओट्यावर शिबिर झाले. ज्या आल्या नाहीत त्यांच्या दारी आमच्या परिचारिका कुसुमताई गेल्या. शेजारीण म्हणे, ‘‘ती घर नही शे.’’ कुसुमताईंनी त्या नावापुढे, रक्ताच्या रकान्यात, सरळ ‘नाही’ लिहिले.

तपासलेल्या बायकांचे आकडे चांगले निघाले. ‘रिकाम्या जागी सरासरी टाका आणि प्रबंध बांधायला द्या,’ असा मला सल्ला मिळाला. आनंदी आनंद! केवळ नजर टाकावी म्हणून मी कागद नानांकडे नेले.

‘सुपडाबाई. रक्त : नाही’ हे वाचून नाना खो खो हसले. मग चष्मा काढून त्यांनी विचारले, ‘‘बाई, ‘नाही’ म्हणजे काय नाही? घरी नाही, द्यायची तयारी नाही, की अंगातच नाही?’’

‘‘घरी नव्हत्या, नाना. कापूस वेचायला गेल्या होत्या.’’

‘‘आणि घरी कोण होतं?’’

मी यादीवरून पुन्हा बोट फिरवले. ज्यांना मजुरीला जायची गरज नव्हती, त्या घरी होत्या.

‘‘मग सावलीतल्या बायकांची सरासरी उन्हातल्या बायकांच्या अंगात कशी भरता हो तुम्ही?’’ नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण प्रबंध सादर करायची माझी तारीख हुकली हे मला कळून चुकले.

पुढच्या रविवारी नाना स्वतः आमच्याबरोबर आले. अक्कांनी, म्हणजे नानांच्या पत्नींनी, सर्वांना पुरेल एवढी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला होता. दिवस मावळता बायका शेतातून परतल्या. सुपडाबाईंनी सुई पाहताच हात मागे घेतला. ‘‘भाऊ, बठ्ठं रगत ते वावरमाच जास. तुम्हले काय देऊ?’’

‘‘थेंबभर दे वं माय,’’ नाना म्हणाले. ‘‘कितलं उरनं शे, तेच देखाले ऊनूत आम्ही.’’

बाई हसल्या आणि त्यांनी बोट पुढे केले. त्यांचे पाहून बाकीच्याही आल्या. कुसुमताईंनी चुकून लिहिलेले ‘रक्त : नाही’ जवळजवळ खरे निघाले. गावाची सरासरी घसरली आणि निष्कर्षातला ‘समाधानकारक’ हा शब्द मी स्वतःच्या हाताने खोडला. ज्या तरीही भेटल्या नाहीत त्यांच्याबद्दल नाना म्हणाले, ‘‘भेटल्या नाहीत असं लिहा. आणि का, तेही लिहा.’’ परतीच्या एस.टी.त मी धुसफुसत होते. नानांनी खिडकीची जागा मला दिली आणि उरलेली भाकरीही.

गोळ्या मंजूर झाल्या. त्या संध्याकाळी वाटाव्यात, हे नानांनीच खात्याच्या गळी उतरवले, कारण दिवसा दारावर पुन्हा ‘नही शे’च ऐकू आले असते. पुढच्या हंगामात सुपडाबाई भेटल्या. ‘‘आते डोयासमोर अंधारी येत नही, ताई,’’ म्हणाल्या. पदवी मिळाली त्या दिवशीसुद्धा मला एवढे बरे वाटले नव्हते.

नानांच्या साठीनिमित्त सत्कार ठरवताना समितीने ऐन वेचणीतली तारीख काढली होती. ‘‘त्या दिवशी कोण येऊ शकणार नाही?’’ एवढेच नानांनी विचारले, आणि तारीख पुढे गेली. म्हणूनच आज सुपडाबाई पहिल्या रांगेत बसणार आहेत.

नाना, आपण शंभरी पाहावी आणि त्यानंतरही आमची हजेरी घेत राहावी. आपल्या प्रकृतीच्या रकान्यात दर वर्षी एकच शेरा पडो, ‘तक्रार : नाही’. मात्र हे ‘नाही’ आम्ही नुसते वाचून सोडणार नाही. घरी येऊन, अक्कांना विचारून, खात्री करून जाऊ.