थंड नळीची पहिली गोळी

शुक्रवारी पहाटे आर्लिस किनिअरचा नेम दुसऱ्यांदा चुकला.

गोठलेल्या जमिनीवर पालथी पडून, रायफलीखाली वाळूची पिशवी घेऊन ती तासभर थांबली होती. ओहळाच्या पलीकडे, सव्वादोनशे वारांवर, कोयोटी उभा होता. कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून किरकोळ, पोट खपाटीला गेलेलं आणि कान मेंढ्यांकडे लागलेले. आर्लिसने दुर्बिणीतली फुली त्याच्या खांद्यामागे धरली, अर्धा श्वास सोडला आणि चाप ओढला. त्याच्या पाठीवरून पलीकडच्या दरडीवर माती उडाली. बोल्ट मागे ओढून दुसरं काडतूस आत सारायला तिला दोन सेकंद लागले. तोवर ओहळ रिकामा झाला होता.

तासाभराने ओहळाच्या वरच्या अंगाला एक मेंढी एकटीच ओरडत फिरताना दिसली. कोकरू सापडलं नाही. तीन आठवड्यांतलं ते अकरावं होतं.

वेंडेल, तिचा नवरा, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसून, चौकटीवर दुर्बीण टेकवून हे सगळं पाहत होता. तिने बूट काढायच्या आत तो म्हणाला, "वरून गेली. डावीकडून."

"कुठून गेली ते मला दिसलं."

"तू चाप ओढत नाहीस, आर्लिस. गाजर उपटावं तसा उपटतेस."

"मग उद्या तू ये की खाली झोपायला."

हे बोलायला नको होतं. वेंडेलचे हात तीन वर्षांपासून कापत होते. कॉफीचा पेला अर्धाच भरलेला असायचा, तरी बशीत सांडायचा. हात पुढे करून त्याने रायफल मागितली. तिने दिली.

"उद्या दुपारी नेब्रास्काचा माणूस कळप विकत घ्यायला येतोय," फडकं पसरत तो म्हणाला. "मी त्याला हो म्हणणार आहे. दोनशे दहा मेंढ्या, आहेत ती कोकरं, सगळं. मला नेम धरता येत नाही, तुला मारता येत नाही. आपण त्या कोयोटीला पोसतोय."

आर्लिसने पॅनमध्ये अंडी फोडली. बरोबरच बोलत होता, म्हणून राग जास्त आला.

ती गाईगुरं पाळणाऱ्यांच्या घरातली. पावडर नदीच्या या भागात तेव्हा गाईवाले मेंढीवाल्यांना जेवायच्या टेबलावर बसवून घेत नसत. चौतीस वर्षांपूर्वी लग्नात मिळालेल्या पैशांतून तिने चाळीस मेंढ्या आणल्या, तेव्हा वडील म्हणाले होते, "मेंढी मरायला निमित्त शोधते, आणि माझी पोरगी मेंढ्या शोधते." वेंडेल ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. कळप तिने एकटीने वाढवला. अडलेल्या मेंढीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून कोकरू फिरवणं, मेलेल्या कोकराचं कातडं अनाथ कोकराला चढवून आईला फसवणं, हे सगळं ती स्वतःच शिकली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजचं तापमान आणि किती व्यायल्या ते लिहायची. त्याखेरीज आयुष्यात काही लिहिलं नाही. कोयोटीचा प्रश्न कधी आला नव्हता, कारण राखणीला मोठा पांढरा कुत्रा होता. तो जानेवारीत म्हातारपणाने गेला. नवं पिल्लू अजून मेंढ्यांनाच भीत होतं.

रायफल वेंडेलची होती. अक्रोडाचा दस्ता, निळसर काळी नळी. पाकिटात त्याने एक कागद एकतीस वर्षं जपला होता: शंभर वारांवरून मारलेल्या तीन गोळ्या, तिन्ही मिळून एकच भोक, नाण्याखाली झाकलं जाईल एवढं. परिसरातल्या प्रत्येकाने तो कागद एकदा तरी पाहिला होता, बहुतेकांनी चारदा. त्या रायफलीने वेंडेल कुरणांतले प्रेअरी डॉग, म्हणजे बिळं करून राहणाऱ्या थोराड खारी, टिपायचा. त्या बिळांत गाईंचे पाय मोडतात, म्हणून शेजारी त्याला हौसेने बोलवायचे. हल्ली रायफल वापरात नव्हती, तरी दर शनिवारी साफ व्हायची. आता ती रोज बाहेर निघत होती, आणि ती आत आली की वेंडेल रोज साफ करत होता. गजाच्या टोकाला चिंधी, नळीतून आरपार, पांढरी चिंधी पांढरीच बाहेर येईपर्यंत. मग तेलाचा हात. विशेष म्हणजे या कामात त्याचे हात कापत नसत. गज नळीत शिरला की नळीच हाताला धरून ठेवायची.

साफ झालेली रायफल घेऊन आर्लिस चाळीस मैलांवर थर्लोकडे गेली.

थर्लो ओस्बी बंदुका दुरुस्त करायचा. दुकान जुन्या दूध डेअरीच्या इमारतीत, मागे दोनशे वारांवर नेम तपासायला खडीचा बांध. सत्तरी उलटलेली, एका कानाला यंत्र, दुसऱ्या कानाला इलाज नाही.

"मला रायफल निवडायची आहे," ती म्हणाली. "उद्या पहाटेपर्यंत."

"ओव्हन घ्यायला आल्यासारखी बोलतेस. वेंडेलच्या रायफलीला काय झालं?"

"तिला काही झालेलं नाही. मला झालंय. दोनदा चुकले."

"कुठे गेल्या?"

"दोन्ही वर आणि डावीकडे."

थर्लोने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "दोन्ही? एकाच जागी?"

"जवळजवळ."

"ज्याला मारता येत नाही त्याच्या गोळ्या गावभर जातात, बाई. एकाच जागी जात नाहीत. चल मागे."

बांधावर त्याने कागद लावला आणि तिला वेंडेलची रायफल घेऊन बाकावर बसवलं. पहिली गोळी मधल्या ठिपक्यापासून चार इंच वर, डावीकडे. "थांबू नकोस, मार," थर्लो ओरडला. दुसरी ठिपक्याच्या कडेला. तिसरी, चौथी, पाचवी दुसरीला चिकटून.

आर्लिस दुर्बिणीतून डोळा काढायला तयार नव्हती. त्या चार गोळ्या तिच्या होत्या.

"नळी धुऊनपुसून तेल लावलेली, वर थंड," थर्लो म्हणाला. "काही नळ्यांना चालतं. हिला चालत नाही. एक गोळी जाऊन आत जराशी काजळी बसली की शहाण्यासारखी वागते. वेंडेलला हे ठाऊक आहे. प्रेअरी डॉग टिपायला बसला की पहिली गोळी बांधात मारायचा. 'जागी करतो' म्हणायचा."

"आणि पाकिटातल्या कागदावर?"

"तिथेही पहिली बांधात गेली असणार. पहिली गोळी कोण मोजतं?"

"कोयोटी मोजतो," आर्लिस म्हणाली.

थर्लोला ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल. "मग सोपं आहे. त्याला सांग, साफ करू नको."

"थर्लो, तू हल्ली त्याला चमचा धरून जेवताना पाहिलंयस?"

"नाही."

"मग राहू दे. दुसरी दाखव."

त्याने दोन आणल्या. एक नवी, मनगटाएवढी जाड नळी, जोडीला कारखान्यातून आलेला एकाच भोकाचा कागद. दुसरी कुरूप होती. दस्ता कधीतरी मोडलेला, तांब्याच्या तारेने आवळून डिंकाने भरलेला, बोल्टची मूठ घासून पांढरी पडलेली. तिची नळी दोन महिने कुणी पुसली नव्हती.

"आता माझ्या पद्धतीने," थर्लो म्हणाला. "एक गोळी मारायची आणि आत येऊन कॉफी प्यायची. नळी हाताला थंड लागली की दुसरी. सगळ्या एकाच कागदावर. लोक पाच गोळ्या दहा मिनिटांत मारतात आणि रायफल ओळखली म्हणतात. तुला एकच मिळणार आहे, तर पाच वेळा एकच मारून बघ."

दुपारचे तीन वाजले. नऊ कप कॉफी झाली, मधे डब्यातले बीन्स आणि शिळा पाव. नवी रायफल देखणी मारत होती, पण तिचं वजन सहा किलो. चौथ्या वेळी आर्लिसचे खांदे भरून आले. ती उचलून अंधारातून ओहळापर्यंत अर्धा मैल जायचं, आणि पोचल्यावर हात थरथरायला नकोत. कुरूप रायफलीच्या पाच गोळ्यांचं एक भोक काही झालं नाही. पाचही सुट्या, कॉफीच्या बशीएवढ्या जागेत विखुरलेल्या. पण बशी बरोबर ठिपक्यावर ठेवलेली होती.

"हा कागद कुणी पाकिटात ठेवणार नाही," थर्लो म्हणाला.

"कोयोटीची छाती केवढी असते?"

"या बशीपेक्षा बोटभर मोठी."

"मग हीच. उद्या परत आणते किंवा पैसे आणते."

"आणि ऐक. आता हिच्या नळीला हात लावायचा नाही. त्यालाही लावू द्यायचा नाही."

संध्याकाळी ती आली तेव्हा वेंडेलने रायफल टेबलावर आडवी ठेवून दोन्ही बाजूंनी पाहिली. "हे काय, कुंपणाची तार?"

"थर्लोची आहे."

"मारते कशी?"

तिने कागद दिला. तो हसला, तोंड वाकडं करून. "मी डोळे मिटून याहून बरं मारीन."

"पाचही थंड नळीच्या आहेत. पाचही पहिल्या."

हसणं थांबलं. कागद त्याच्या हातात कापत होता. त्याने तो टेबलावर ठेवून तळव्याने दाबला. मग त्याने नळीत डोकावलं.

"आत चूल पेटवली होती काय? घाण नळी ठेवून मी आजवर झोपलेलो नाही."

"तुझी तू साफ कर. हिला हात लावू नकोस. उद्याच्या पुरता."

"माझ्या घरात..."

"वेंडेल. उद्याच्या पुरता."

तो हो म्हणाला नाही. ती रायफल घेऊन झोपायच्या खोलीत जाऊ शकली असती. कुलूपही लावता आलं असतं. चौतीस वर्षांच्या नवऱ्यापासून बंदूक कुलपात ठेवावी, हे तिला जमलं नाही. तिने ती त्याच्या रायफलीशेजारी भिंतीवर टांगली आणि झोपायला गेली. पलीकडून गज काढल्याचा आवाज आला. नंतरचं ऐकायचं नाही म्हणून ती कुशीवर वळली.

साडेचारला उठली. स्वयंपाकघरात दिवा न लावता भिंतीपाशी गेली. दोन्ही रायफली जागेवर होत्या. तिने वेंडेलच्या रायफलीचा बोल्ट मागे घेतला आणि नाक जवळ नेलं. तेलाचा आणि साफ करायच्या औषधाचा उग्र वास, अगदी ताजा. टेबलावरच्या डब्यात वापरलेल्या चिंध्या होत्या. तिने मोजायला सुरुवात केली आणि थांबली. किती चिंध्या एका नळीच्या आणि किती दोन नळ्यांच्या, हे मोजून कळणार नव्हतं.

कुरूप रायफलीचा बोल्ट मागे घेताना तिचा हात हळू झाला. नळी साफ केलेली निघाली तर काय करायचं, हे तिने ठरवलंच नव्हतं. बांधात एक गोळी मारली असती तर कोयोटी दिवसभर फिरकला नसता, आणि दुपारी नेब्रास्काचा माणूस दारात होता. तिने वास घेतला. बंदुकीच्या जळक्या दारूचा वास. आंबट, शिळा. दुसरं काहीही नाही.

ती ओहळाशी पोचली तेव्हा दरडीची कडा नुकती दिसू लागली होती. पालथी पडली. गारठा जाकिटातून पोटापर्यंत आला. वाऱ्याची झुळूक चेहऱ्यावर होती, म्हणजे तिचा वास मागे जात होता. मेंढ्या उठल्या, कोकरं आचळांना ढुशा देऊ लागली. अर्धा तास गेला. दुर्बिणीच्या काचेवर श्वासाची वाफ धरली. तिने तोंड बाजूला वळवून श्वास घ्यायला सुरुवात केली. बोटं बधिर झाली तसा तिने उजवा हात काखेत घातला.

एक मेंढी मान वर करून दरडीकडे बघत राहिली. आर्लिसने काखेतला हात काढला.

कोयोटी कालच्या जागेपासून वीस पावलं अलीकडे आला. थांबला. बसला. समोरून छाती अरुंद दिसते. तिने चापावर बोट ठेवलं नाही. बाजूने फिरेपर्यंत थांबायचं होतं, आणि फिरला तर निघूनही जाऊ शकत होता. एक कोकरू आईपासून सुटून ओहळाकडे चार उड्या मारत गेलं. कोयोटी उठला आणि त्या दिशेला वळला, तशी त्याची पूर्ण कूस तिच्याकडे आली.

तिने बशी आठवली. भोक नव्हे, बशी. अर्धा श्वास सोडला.

आवाज दरडीवर आपटून परत आला. या वेळी पलीकडे माती उडाली नाही. मेंढ्या एका अंगाला पळाल्या आणि थांबल्या. दुर्बिणीत गवतावर राखाडी ढीग होता. तिने दुसरं काडतूस आत सारून पूर्ण दोन मिनिटं त्यावर नेम धरून ठेवला. ढीग हलला नाही.

घरी आली तेव्हा वेंडेल खिडकीशीच होता. रात्रीचाच शर्ट अंगावर. समोर कॉफी, तिला हात लागलेला नव्हता.

"पहिलीच?" त्याने विचारलं.

"पहिलीच."

"त्या माणसाला फोन करतो. उगाच नेब्रास्काहून यायचा." तो उठला, पण फोनकडे गेला नाही. सवयीने गज घेतला, चिंधी लावली आणि तिच्या हातातल्या रायफलीकडे पाहून थांबला. गजाचं टोक हवेत कापत होतं.

"हिला कधी?" तो म्हणाला.

"सगळ्या व्यायल्या की. त्या कोयोटीची मादी अजून दरडीपलीकडे आहे."

"म्हणजे महिना."

"महिना."

"गंज चढेल."

"बाहेरून तेल लाव. आत जायचं नाही."

त्याने गज खाली ठेवला, बाहेरून पुसायच्या फडक्यावर दोन थेंब तेल घेतलं आणि तारेने आवळलेला दस्ता मांडीवर धरून बसला. आर्लिसने कॅलेंडरवर लिहिलं: उणे तीन अंश, चौदा व्यायल्या. मग खाली, जिथे ती कधी काही लिहीत नसे, गोळ्यांचा आकडा लिहिला: १.